बत्तीस मात्रा थांबा

बर्लिनच्या क्योपेनिकर श्ट्रासेवर एक बंद पडलेलं वीजघर आहे आणि त्याच्या पोटात ‘ट्रेसोर’ नावाचा टेक्नो क्लब. तळघरातल्या फ्लोअरवर जायला लांबलचक बोगदा ओलांडावा लागतो. बोगद्यात संगीत असं ऐकू येत नाही. हायहॅट (झांजांची किणकिण), टाळ्या, आवाजाचे वरचे सगळे पदर भिंतींनी खाऊन टाकलेले असतात. पोचते ती फक्त किक, म्हणजे बेस ड्रमचा ठोका, ५०-६० हर्ट्झची, कानाआधी छातीला कळणारी. पलीकडे बुटकं छत, धूर, मधूनच स्ट्रोबचा पांढरा झटका आणि लोखंडी गजांच्या आड उभा असलेला डीजे. तो काय करतोय हे नाचणाऱ्यांना नीट दिसत नाही, आणि ते दिसावं अशी त्या जागेची इच्छाही नाही.

फेस्टिव्हलच्या स्टेजवर हात वर करून उड्या मारणारा डीजे आणि हा डीजे, दोघांचं यंत्र एकच. कामाची जात मात्र वेगळी. तळघरातल्या डीजेचा रात्रीतला सर्वांत जास्त वेळ थांबण्यात जातो. पुढचा ट्रॅक हेडफोनमध्ये जुळवून तयार असतो, बोट आवाज वर-खाली करणाऱ्या फेडरवर असतं, आणि तरीही तो आणखी ३२ मात्रा जाऊ देतो. रात्र बिघडते ती बहुतेक वेळा घाईमुळे: बेस लवकर आणला, आवाज लवकर वाढवला, मोठा ट्रॅक तासभर आधी उधळला. यंत्रं सुधारली तशी जुळवाजुळव सोपी झाली. थांबणं काही सोपं झालं नाही.

या थांबण्यामागे बर्लिनचा इतिहासही आहे. पश्चिम बर्लिनमध्ये दारूगुत्ते-नाचघरं बंद करण्याची सक्तीची वेळ १९४९ सालीच उठली. १९८९ च्या नोव्हेंबरात भिंत पडली आणि पूर्वेकडच्या कितीतरी इमारती बेवारस पडल्या. त्यातलीच एक म्हणजे लाइपझिगर श्ट्रासेजवळच्या वेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरची भूमिगत तिजोरी. डिमित्री हेगेमान आणि मंडळींनी तिथे १९९१ च्या मार्चमध्ये ट्रेसोर सुरू केला. २००५ मध्ये ती जागा सोडावी लागली, २००७ मध्ये क्लब वीजघरात आला, आणि येताना तिजोरीचे गंजके लॉकरही बरोबर आले. डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेलं हे संगीत, जेफ मिल्स, रॉबर्ट हूड, माइक बँक्स यांचं, युरोपात रुजलं त्यात या तिजोरीचा वाटा मोठा. २०२४ च्या मार्चमध्ये बर्लिनची टेक्नो संस्कृती जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत गेली. सरकारी यादीत गेल्यावर ‘अंडरग्राउंड’ किती उरलं, हा वाद तिथल्या बारवर चवीनं चालतो.

कामाच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच, की तिथे रात्र कापली जात नाही. शनिवारी रात्री सुरू झालेली ‘बेर्गहाइन’ या तिथल्या क्लबची क्लबनाइट सोमवारी सकाळपर्यंत चालते. मुंबईत पबला दीडची वेळ असते. म्हणजे दहाला लोक यायला लागतात, बाराला शिखर गाठावंच लागतं आणि सव्वाला दिवे लागायची धास्ती. मुंबईचे चांगले डीजे या दाबाखाली वाजवतात, म्हणून त्यांचे सेट आखडलेले वाटतात. यात कसब कमी पडत नाही, घड्याळ कमी पडतं. गोव्यात हणजूण-वागातोरला एके काळी पार्ट्या सकाळपर्यंत चालायच्या. तिथे कॅसेट आणि मग डॅट (डिजिटल) टेप वाजायच्या, आणि टेपचा वेग बदलता येत नसल्यामुळे ठोका ठोक्यावर बसवणं शक्यच नव्हतं. मग ट्रॅकला ठोक्याविना लांब सुरुवात आणि लांब शेवट ठेवायची रीत पडली. आता उघड्यावरच्या लाउडस्पीकरला रात्री १० ची मर्यादा आहे. ती किती पाळली जाते हा वेगळा विषय.

डीजेची रात्र घरी सुरू होते, तीन-चार दिवस आधी. दोन तासांच्या सेटमध्ये साधारण ३० ते ४० ट्रॅक वाजतात. बरोबर शंभर-सव्वाशे न्यावेत. हजार नेले की अंधारात यादी वर-खाली सरकवण्यातच वेळ जातो आणि शेवटी हात ओळखीच्याच ट्रॅककडे वळतो. फोल्डर शैलीवार लावण्यापेक्षा कामावार लावलेले बरे: सुरुवातीचे, जोर धरणारे, नुसत्या ठोक्याचे, फ्लोअरला दम खाऊ देणारे, शेवटचे. प्रत्येक ट्रॅकसमोर टीप लिहायची, आणि ती पहाटे चारला वाचता येईल अशी: ‘पहिल्या ६४ मात्रा नुसती किक’, ‘३:१० ला लांब ब्रेकडाउन’, ‘बेस जाड, लो कापूनच आण’. (ब्रेकडाउन म्हणजे किक थांबते तो भाग, लो म्हणजे बेसची पातळी ठरवणारा नॉब.) ‘मस्त’ ही टीप कुणाच्याही उपयोगाची नाही.

फाइल वेव्ह किंवा एआयएफएफ असावी. मिनिटाला दहा एमबी जागा खाते, पण कुठल्याही प्लेअरवर वाजते. ३२० केबीपीएसची एमपी३ चालते. इंटरनेटवरून उतरवलेली १२८ ची चालत नाही. लॅपटॉपच्या स्पीकरवर फरक कळणार नाही. क्लबच्या सिस्टिमवर हायहॅटची धार बोथट होऊन नुसती फाटकी सळसळ ऐकू येते. फ्लॅक प्रकारची फाइल जुन्या सीडीजेवर, म्हणजे डीजेंच्या डिजिटल प्लेअरवर, उघडतच नाही. पेनड्राइव्ह दोन, दोन्हींवर तोच माल, फॉरमॅट फॅट-३२. ट्रॅकची तयारी करायच्या रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट झाल्यावर पेनड्राइव्ह तसाच उपटायचा नाही, रीतसर इजेक्ट करायचा. नाहीतर डेटाबेस अर्धवट लिहिला जातो आणि बूथमध्ये प्लेअर नुसत्या फाइलींची उघडी यादी दाखवतो, ना ग्रिड (ठोक्यांची आखणी) ना क्यू (ट्रॅकमधल्या खुणा).

क्लबात आपल्या वेळेच्या किमान तासभर आधी पोचावं, आणि बूथकडे न जाता आधी फ्लोअरवर उभं राहावं. मध्यभागी, मग मागच्या भिंतीपाशी, मग एखाद्या कोपऱ्यात. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास सात मीटर असते, म्हणजे तळघराच्या खोलीइतकीच. त्यामुळे अशा खोलीत बेस सगळीकडे सारखा नसतो: कोपऱ्यात घुमतो, दोन पावलं पुढे सरकलं की विरतो. कुठल्या सुरांचा बेस खोलीत फुगतो ते कान देऊन ऐकून घेतलं, तर आपल्या यादीतले तसले चार ट्रॅक आधीच बाजूला काढता येतात. आधीचा डीजे किती लयीत वाजवतोय, कुठले मोठे ट्रॅक वापरून झाले, लोक ताजे आहेत की दमलेले, हेही तेव्हाच समजतं. १३० बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला १३० ठोक्यांवर, तासभर सुखात नाचणाऱ्या फ्लोअरला पहिल्याच ट्रॅकला १४५ वर नेणारे डीजे असतात. पुढच्या दहा मिनिटांत बारवर गर्दी होते, आणि त्यांना वाटतं लोकांना तहान लागली.

अदलाबदल ही रात्रीतली सर्वांत धोक्याची पाच मिनिटं. दोघं एका हाताएवढ्या जागेत, एकाचं आवरणं चालू, दुसऱ्याचं मांडणं, आणि संगीत एक क्षणही थांबता कामा नये. हल्ली प्लेअर आपसांत केबलनं जोडलेले असतात, एकाच पेनड्राइव्हवरून चारही डेक (प्लेअर) वाजू शकतात. म्हणून आधीच्या डीजेचा पेनड्राइव्ह त्याच्या शेवटच्या ट्रॅकचा शेवटचा ठोका संपेपर्यंत कुणी हलवायचा नाही. हलवलाच, तर प्लेअर हाताशी असलेल्या चार मात्रा गोल गोल वाजवत राहतो. ही सोय कंपनीनं मुद्दाम दिलेली आहे, यावरूनच ही चूक किती वेळा होत असेल याचा अंदाज यावा. मग मिक्सरवर नजर फिरवायची: आपल्या चॅनेलचा लो नॉब आधीच्यानं कापून ठेवलाय का, फिल्टरचा नॉब मध्यावर आहे का, इफेक्ट चालू राहिलाय का. एका बाजूच्या चॅनेलवरून दुसऱ्या बाजूच्या चॅनेलवर नेणारा आडवा क्रॉसफेडरही बघायचा. टेक्नोवाले तो वापरत नाहीत, पण चॅनेल त्याला जोडलेला असेल आणि फेडर दुसऱ्या टोकाला असेल, तर आपला ट्रॅक वाजतोय, मीटर हलतंय, आणि बाहेर चिडीचूप. प्लेअरवर टेम्पोची पट्टी ६ टक्क्यांवर आहे की १६ वर, तेही बघून घ्यावं. १६ वर असेल तर स्लायडरला नुसता धक्का लागला तरी लय ढळते. हेडफोनच्या जाड पिनेचा ॲडॅप्टर मात्र आपल्या खिशात दोन असावेत. दुसऱ्याचा घेतला की तो घरी जाताना घेऊन जातो.

आता प्रत्यक्ष मिसळण्याकडे. लय १३२ धरू. एक मात्रा ०.४५ सेकंदाची. चार मात्रांचा एक बार, आठ बार म्हणजे ३२ मात्रा, साडेचौदा सेकंद. टेक्नोचे बहुतेक ट्रॅक ३२ मात्रांच्या आवर्तनांवर बांधलेले असतात. नवा हायहॅट, नवी टाळी, किक गायब होणं, जे काय घडायचं ते आवर्तनाच्या समेवर घडतं. म्हणून नवा ट्रॅक समेवरच सोडायचा. ठोका ठोक्यावर बसला पण आवर्तन चुकलं, तर लय बिघडत नाही, नाचणारे थांबत नाहीत, तरी काहीतरी तिरकं चाललंय असं पायांना जाणवत राहतं. सम चुकली तर पुढच्या समेची वाट बघावी, साडेचौदा सेकंदांनी ती येतेच. ‘आता सोडलाच आहे तर राहू दे’ हा विचार फार महागात पडतो.

समेवर आलेला ट्रॅक लगेच पूर्ण उघडायचा नाही. त्याचा लो पूर्ण कापलेला, फेडर हळूहळू वर, आधी फक्त हायहॅट आणि वरची खरखर आत येते. या अवस्थेत ६४ मात्रा, १२८ मात्रा, हवं तर दोन मिनिटं राहता येतं. मग एका समेवर जुन्याचा लो खाली आणि नव्याचा वर, दोन्ही हात एकाच वेळी. कामाचं मर्म या एका हालचालीत आहे. दोन किका एकत्र का ठेवायच्या नाहीत, हे समजून घेतलं तर बाकी पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. दोन सारख्या किका तंतोतंत एकावर एक बसल्या, तर खालचा आवाज ६ डेसिबलनं वाढतो. सिस्टिमचा लिमिटर, म्हणजे आवाजाला कमाल मर्यादा घालणारं यंत्र, तो दाबतो आणि त्याबरोबर वरचंही सगळं दबतं. उलट त्या किंचित सरकल्या तर? ५० हर्ट्झच्या लहरीचं एक चक्र २० मिलिसेकंदांचं असतं. १० मिलिसेकंदांचा फरक पडला की एकीचा चढ दुसरीच्या उतारावर येतो आणि दोघी एकमेकींना खोडतात. फ्लोअरखालची जमीन निघून जाते.

हा फरक किती लवकर पडतो? दोन ट्रॅकच्या लयीत ०.१ बीपीएमचं अंतर असेल, तर मिनिटाला ४५ मिलिसेकंद. कानाला दोन ठोके वेगळे कळायला २०-३० मिलिसेकंद लागतात, म्हणजे अर्धं मिनिट. पण बेस खोडला जायला १० पुरतात, म्हणजे जेमतेम १३ सेकंद. ठोके घोड्याच्या टापांसारखे ऐकू येऊ लागण्याच्या कितीतरी आधी बेस पोकळ झालेला असतो. कसलेला डीजे ती पोकळी ऐकूनच जॉग व्हीलला, प्लेअरवरच्या गोल चकतीला, हलका हात लावतो. नवशिका टापा ऐकू येईपर्यंत थांबतो. थांबू नये अशी रात्रीतली ही एकच जागा.

यात आणखी एक मेख असते. आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटर जातो. मुख्य स्पीकर दहा मीटरवर असतील तर त्यांचा ठोका डीजेला २९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि हेडफोनचा लगेच. हे दोन कानांनी जुळवले तर डीजेच्या मते मिक्स अचूक, आणि फ्लोअरवर ३० मिलिसेकंदांनी चुकलेला. म्हणून बूथमध्ये हाताच्या अंतरावर मॉनिटर असतात. ते बंद पडले तर हेडफोनमध्येच दोन्ही ट्रॅक घ्यायचे, मिक्सरवरचा क्यू-मिक्स नॉब मध्यावर ठेवून, आणि बाहेरचं विसरून जायचं.

दोन ट्रॅकची लय आपोआप जुळवणाऱ्या सिंक बटणावरून डीजे मंडळींत अजून भांडणं होतात. ती सोडून द्यावीत. सिंक म्हणजे फसवणूक नव्हे. ते फक्त संगणकानं आखलेल्या ग्रिडवर विश्वास ठेवतं. आजच्या सॉफ्टवेअरवर केलेल्या ट्रॅकची ग्रिड बरोबर असते. नव्वदच्या दशकातली तबकडी कुणी रेकॉर्ड करून फाइल केली असेल, तर भोक मध्यावर नसल्यानं लय प्रत्येक फेऱ्यात किंचित आतबाहेर होते, आणि ग्रिड ती सरळ रेषेत मोजते. तिथे सिंक निमूटपणे चुकीचं जुळवतं. कान उघडे असतील तर बटण दाबलं काय नि नाही काय.

तबकड्यांवर वाजवणाऱ्याचं ओझं वेगळं, अगदी शब्दशः. सत्तर तबकड्यांची पिशवी चौदा किलोच्या आसपास भरते. टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ ला, म्हणजे १९७९ पासून जगभरच्या बूथमध्ये असलेल्या टर्नटेबलला, वेग बदलायला आठ टक्के वर-खाली जाणारा स्लायडर आहे. तो मिलिमीटरभर सरकला तरी बीपीएमचा पाचवा हिस्सा बदलतो. तळघरात खरा शत्रू कंप. स्पीकरचा बेस टेबलातून सुईत जातो, सुईतून पुन्हा स्पीकरमध्ये, आणि एक गुरगुर वाढत वाढत सगळं गिळते. तपासायची रीत सोपी: डेक बंद, तबकडी स्थिर, सुई तिच्यावर ठेवलेली. आता फेडर आणि लो हळूहळू वाढवायचे. गुरगुर सुरू झाली तर डेकखाली काँक्रीटची लादी आणि तिच्याखाली रबर घालायला क्लबवाल्यांना सांगायचं, आणि तेवढा वेळ नसेल तर लो मर्यादेतच ठेवायचा. संथ घुर्रर्र सतत येत असेल तर बहुधा अर्थिंगची बारीक तार सुटलेली असते. एका बाजूचा आवाज गेला तर सुई धरणारं हेडशेल काढून परत घट्ट बसवायचं, दहातल्या आठ वेळा तेवढ्यानं भागतं. आवाज अगदी बारीक येत असेल तर मिक्सरचा स्विच फोनोऐवजी लाइनवर राहिलाय.

तबकडीची एक गंमत इथे सांगायलाच हवी. ३३⅓ च्या वेगानं एक फेरा १.८ सेकंदांचा होतो. त्या फेऱ्यात चार मात्रा बसवल्या तर लय येते बरोबर १३३⅓ बीपीएम, म्हणजे टेक्नोचीच. मग खोबण आत न नेता वर्तुळात बंद केली की तोच बार अनंतकाळ वाजत राहतो. जेफ मिल्सनं १९९४ साली अशा बंद खोबणींची तबकडी काढली. लूपचं बटण यायच्या कितीतरी आधी, एका डेकवर असा फेरा लावून बाकीच्या दोन डेकवर मोकळं खेळता येत होतं. मिल्स त्यावर रोलँडचं टीआर-९०९ हे ताल-यंत्रही हातानं वाजवतो. त्याच कंपनीचं टीआर-८०८ हे ताल-यंत्र आणि टीबी-३०३ हे बेस वाजवणारं यंत्र मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच रागांच्या सुरावटींसाठी जोडून वापरलं होतं, आणि जगाला ते २०१० मध्ये पुन्हा निघालेल्या आवृत्तीनंतर कळलं. आपल्याकडे त्या तबकडीला तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही.

आवाजाच्या पातळीबद्दल. जुने ट्रॅक नव्यांपेक्षा चार-सहा डेसिबलनं हळू असतात, म्हणून प्रत्येक ट्रॅकचा ट्रिम, म्हणजे चॅनेलमध्ये येणाऱ्या आवाजाची पातळी, हेडफोनमध्ये ऐकतानाच, मीटर बघून जुळवायचा. मीटर हिरव्याच्या टोकाला, मधूनच नारिंगी. लाल दिवा लागला म्हणजे लहरीचं डोकं कापलं गेलं. मास्टर वाढवून आवाज मोठा होत नाही, कारण पुढे लिमिटर बसलेला असतो. किकेचा टणत्कार तेवढा मरतो. आपल्याकडच्या मिरवणुकीतल्या भिंतींचा आवाज छातीत बसतो, पण त्यात किक कुठली आणि बेस कुठला हे बहुतेक वेळा वेगळं काढता येत नाही. सगळं क्लिप होत असतं. चांगल्या क्लबात शंभर डेसिबलच्या घरातही शेजाऱ्याच्या कानात बोललेलं समजतं, विकृती कमी असते म्हणून.

कान मात्र दोन्हीकडे सारखेच थकतात. ८५ डेसिबल आठ तास चालतात, आणि त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. शंभरला उरतात पंधरा मिनिटं. जर्मनीतलं मानक प्रेक्षकांसाठी अर्ध्या तासाची सरासरी ९९ ला रोखतं, म्हणजे तेही कानांसाठी जास्तच. साच्यातून घडवलेले १५ डेसिबलचे इअरप्लग डीजेला ९९ वरून ८४ वर आणतात. न वापरले तर तासाभरानं वरचे सूर कमी ऐकू येऊ लागतात. मग डीजेला ट्रॅक मंद वाटतो, तो हाय वाढवतो, बूथचा आवाज वाढवतो, आणि फ्लोअरवरच्या लोकांच्या कानात सुया टोचायला लागतात. कारण त्याला कळत नाही, लोकांना मात्र लगेच कळतं. बूथ मॉनिटरचा नॉब सुरुवातीला जिथे ठेवला तिथे चिकटपट्टीची खूण करावी आणि दर अर्ध्या तासानं तो परत त्या खुणेवर आणावा. मिक्स करायचं नसेल तेव्हा मॉनिटर सरळ खाली.

फ्लोअर वाचणं याबद्दल फार गूढ बोललं जातं. धुरात तीन रांगांपलीकडे काही दिसत नाही, तेव्हा वाचणार काय? पुढच्या रांगेवर भरवसा ठेवू नये. ती मंडळी काहीही लावलं तरी नाचतात, काही तर आपल्यासाठीच आलेली असतात. बघायचं ते कडेला. भिंतीशी टेकलेले पुढे सरकताहेत का, गप्पा मारणाऱ्यांच्या माना हलू लागल्या का. शिट्ट्या आणि आरोळ्या ब्रेकडाउनला दाद देतात, पण ब्रेकडाउनमध्ये लोक नाचत नसतात. दर तिसऱ्या ट्रॅकला किक काढून परत आणणारा डीजे आरोळ्या भरपूर मिळवतो, आणि तासाभरानं फ्लोअर निम्मा होतो. ती युक्ती दोन तासांत दोनदा पुरे. चढ हवा असेल तर लय वाढवण्याआधी हायहॅटची दाटी वाढवून बघावी. आठव्या भागाचे हायहॅट सोळाव्या भागाचे झाले की तीच लय वेगवान भासते. दोन तासांत १३० वरून १३४ वर गेलेलं कुणाच्या लक्षात येत नाही, पायांना तेवढं कळतं.

पहिल्या सत्राचा, वॉर्म-अपचा डीजे पुष्कळदा नवखा असतो, आणि मला वाटतं तिथेच क्लब चूक करतात. रिकाम्या फ्लोअरसमोर दोन तास संयमानं वाजवणं शिखरावरच्या दोन तासांपेक्षा अवघड आहे. आवाज मोजका, लय १२५-१२८, मोठा ट्रॅक एकही नाही, आणि माणसं हळूहळू भिंती सोडून मध्यावर आलेली. हे ज्यानं केलं त्याचं नाव पोस्टरवर बारीक अक्षरात असतं.

चुका होतातच. वाजत असलेल्या डेकवर नवा ट्रॅक चढवणं ही सर्वांत जुनी. प्लेअरच्या मेन्यूत लोड-लॉक चालू केलं की टळते. चुकीच्या डेकचं पॉज दाबलं गेलं तर परत प्ले दाबायचं नाही, कारण तो आता लयीत कुठेच बसणार नाही. दुसऱ्या डेकवर जे तयार असेल ते पहिल्या मात्रेपासून पूर्ण बेससकट सोडायचं. दीड सेकंदाची शांतता आणि मग किक, लोक ती चूक साजरी करतात. मिक्स सुटून टापा सुरू झाल्या तर दुरुस्तीच्या नादात न पडता एक ट्रॅक झटकन काढून टाकावा. पाच सेकंदांत सावरता आलं नाही, तर तो मिक्स पन्नास सेकंदांतही सावरत नाही.

किरकोळ गोष्टी किरकोळपणेच सांगतो. पेला मिक्सरच्या पातळीखाली, जमिनीवर किंवा मागच्या कठड्यावर. बिअर मिक्सरमध्ये गेली की रात्र संपली आणि बिल हजारो युरोंचं. काळ्या नॉबच्या टोकावरची पांढरी रेघ दिसायला छोटी टॉर्च. आणि प्रत्येक डीजेकडे दहा मिनिटांचा, फार बदल नसलेला एक ट्रॅक असतो. त्याचं कलात्मक मूल्य काहीही असो, तो शौचालयाला जायचा ट्रॅक आहे.

आपली वेळ संपताना पुढच्याला काय हवंय ते विचारावं: लय किती, शेवटी लांब बिनबेसचा भाग हवा की नुसती किक. लो सरळ, ट्रिम मध्यावर, इफेक्ट बंद करून मिक्सर त्याच्या हाती द्यावा. परदेशी डीजेच्या मानधनातून जर्मनीत १५ टक्के कर आणि त्या करावर साडेपाच टक्के अधिभार कापला जातो, तेव्हा भारतातून जाणाऱ्यानं आकडा ठरवतानाच तो कापण्याआधीचा की नंतरचा हे लिहून घ्यावं. पहाटे बोगद्यातून बाहेर पडताना ते आठवून उपयोग नसतो.

पेनड्राइव्हवर प्लेअर ‘हिस्टरी’ नावाची यादी आपोआप लिहून ठेवतो, वाजवलेले सगळे ट्रॅक क्रमानं. ती त्याच सकाळी बघू नये, तेव्हा सगळंच ग्रेट वाटतं किंवा सगळंच फसलेलं. दोन दिवसांनी उघडावी. कुठला ट्रॅक दीड मिनिटात बाहेर काढला, कुठले दोन एकमेकांवर चार मिनिटं बसले, हे तिच्यात वेळेसकट दिसत नाही, म्हणून शक्य असेल तर मिक्सरच्या रेकॉर्ड-आउटमधून सेट मुद्रित करून घ्यावा आणि यादी समोर ठेवून ऐकावा. टीपा तिथेच सुधारायच्या. सलग तीन रात्री हात न लागलेले ट्रॅक पेनड्राइव्हवरून काढायचे. घरच्या हार्डडिस्कवर ते असतातच.